कॉलेजच्या मुलींच्या टीमसाठी प्रॅक्टिस हॉल बांधताय? मग आधी हे बघा

आर्किटेक्टला फोन लावायच्या आधी मुलींच्या सगळ्या टीमच्या कॅप्टन आणि कोच यांना एकत्र बसवा आणि विचारा, की लेक्चर संपल्यापासून घरी किंवा होस्टेलला पोचेपर्यंत काय काय होतं, कपडे कुठे बदलता, बॅग कुठे टाकता, अंधार पडल्यावर कुठल्या गेटने बाहेर पडता. कोर्ट काय, कुणीही आखून देतं, राहून जातं ते बाकीचं, आणि मग नव्या कोऱ्या हॉलमध्येही मुली अवघडून वावरतात.

आता मापं. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ मीटर, चारी बाजूंनी २ मीटर मोकळे, झाले ३२ बाय १९. बहुतेक जण इथेच थांबतात, पण माझं कळकळीचं सांगणं आहे की जागा असेल तर रुंदी २४ मीटर करा. कारण व्हॉलीबॉलचं कोर्ट १८ बाय ९ आणि भोवती किमान ३ मीटर धरले की २४ बाय १५ लागतात, म्हणजे त्याच हॉलमध्ये दोन कोर्ट आडवी शेजारी शेजारी बसतात, मध्ये वरून सोडायची जाळी लावली की दोन ग्रुप एकाच वेळी खेळू शकतात. डोक्यावर किमान ७ मीटर मोकळे हवेत, दिवे, पंखे, बीम सगळं त्याच्या वर. हँडबॉलला ४० बाय २० लागतं, ते यात कोंबायच्या भानगडीत पडू नका.

नेटच्या खांबांची भोकं फ्लोअरिंगच्या आधीच करून घ्या, नंतर फोडाफोडी होते. खांब उंची बदलता येणारे घ्या, मुलींचं नेट २.२४ मीटरवर असतं आणि मुलांचं २.४३ वर.

फ्लोअरवर मात्र काटकसर नको, हे ठासून सांगते. काँक्रीटवर नुसती टाइल किंवा पातळ व्हिनाइल चिकटवलं की रोजच्या उड्यांनी नडग्या आणि गुडघे दुखायला लागतात, म्हणून खाली रबर पॅड असलेलं, थोडं दबणारं लाकडी फ्लोअर घ्या आणि काँक्रीट पूर्ण वाळल्याशिवाय ते बसवू देऊ नका, ओल राहिली की लाकूड फुगतं. उडी मारून उतरताना, झटकन वळताना गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट (हाडं जोडून धरणारा पट्टा) फाटायचा धोका अशा खेळांत मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि नीट उतरायचा, बॅलन्सचा वॉर्मअप नियमित केला तर तो कमी होतो. त्यासाठी कोर्टाबाहेर एक मोकळा पट्टा ठेवा, नाहीतर आधीची टीम उठेपर्यंत मुली दाराशी उभ्या राहतात आणि थेट खेळायलाच उतरतात.

जिममध्ये मुलांच्या जिममधलं जुनं सामान आणून टाकू नका प्लीज. महिलांचा वेटलिफ्टिंग बार १५ किलोचा आणि २५ मिलीमीटर जाडीचा असतो, मुलांचा २० किलो आणि २८ मिलीमीटर, हाताच्या पकडीत खूप फरक पडतो. बास्केटबॉलही ६ नंबरचे हवेत, ७ चे नाहीत.

चेंजिंग रूमला दार कोर्टाकडून असावं पण उघडलं की आतलं दिसू नये, म्हणून आत एक वळण घ्या. शॉवरला स्वतंत्र दारं, प्रत्येक टॉयलेटमध्ये झाकणाचा डबा, पॅड कुणाकडे न मागता मिळतील असे ठेवा. कोच पुरुष असतील तर त्यांची ऑफिसं आणि स्टोअर यांचा रस्ता तिथून जाऊ देऊ नका. पार्किंग आणि गेटपर्यंतचे दिवे याच बजेटमध्ये धरा, वेगळे काढले की ते कधीच लागत नाहीत.

टाइमटेबल उद्घाटनाच्या आधी लेखी करून घ्या. संध्याकाळचे चांगले स्लॉट मुलींच्या टीमचे, आणि कॉलेजच्या कार्यक्रमासाठी, परीक्षेसाठी हॉल द्यायचा का, दिला तर टीमला त्या दिवशी जागा कुठे, हे त्यात स्पष्ट हवं, कारण लाकडी फ्लोअरवर खुर्च्या ओढल्या की वाट लागते ती वेगळीच.

आणि काँट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता लगेच देऊ नका, आधी सगळ्या टीमना महिनाभर तिथे प्रॅक्टिस करू द्या, मुलींनी सांगितलेल्या तक्रारी एका वहीत लिहून घ्या, त्या दुरुस्त झाल्या की मग चेक काढा.