पार्किन्सन्सच्या रुग्णाचं रोजचं फिरणं घरी कसं मोजावं

दवाखान्यात नाव पुकारलं की पार्किन्सन्सचा माणूस एरवी नसेल इतका ताठ चालत आत जातो. डॉक्टर म्हणतात, "छान चालताय की!" घरी बाथरूमच्या दारात पाय जमिनीला चिकटतात ते सांगायचं राहूनच जातं. म्हणून घरचं चालणं कागदावर हवं.

१. रोज रात्री कॅलेंडरवर एक ओळ लिहा: आज कुठवर गेले, सोबत कोण होतं, काठी किंवा वॉकर घेतला का.

२. चार आठवड्यांनी गुण काढा. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात ज्येष्ठांसाठी तयार झालेली 'लाइफ-स्पेस असेसमेंट' ही पद्धत पार्किन्सन्समध्येही वापरतात. तिच्यात पाच टप्पे आहेत: झोपायची खोली सोडून घरातल्या इतर खोल्या (१), अंगण, ओटा किंवा इमारतीचा जिना (२), आसपासची गल्ली (३), गावातला किंवा शहरातला लांबचा भाग (४) आणि परगाव (५). किती वेळा गेले त्याचे गुण असे: गेले, पण आठवड्याला एकदाहून कमी तर १, एक ते तीनदा २, चार ते सहादा ३, रोज ४. कुणाचा आधार लागला तर १, नुसती काठी-वॉकर असेल तर १.५, काहीच लागलं नाही तर २. प्रत्येक टप्प्याचे तिन्ही आकडे गुणा आणि पाचही उत्तरांची बेरीज करा. जास्तीत जास्त १२० होते.

उदाहरणार्थ, वडील आठवड्यातून दोनदा काठी टेकत कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जातात: ३ × २ × १.५ = ९. पुढच्या महिन्यातही दोनदाच गेले, पण मुलाचा हात धरून: ३ × २ × १ = ६. फेऱ्या तेवढ्याच आहेत, तरी काहीतरी निसटलंय. मला ही पद्धत आवडते ती यासाठीच.

३. महिन्यातून एकदा घड्याळ लावून चालायला लागणारा वेळ मोजा. हात असलेल्या खुर्चीतून उठायचं, ३ मीटरवरच्या खुणेपर्यंत नेहमीच्या चालीनं जायचं, वळून परत येऊन बसायचं. तुम्ही शेजारीच राहा. तोल जातो तो बहुधा वळताना. गोळी घेतल्यावर किती वेळानं मोजलं ते लिहा आणि पुढच्या वेळीही तेवढाच वेळ जाऊ द्या. लेवोडोपाचा, म्हणजे पार्किन्सन्सवरच्या नेहमीच्या औषधाचा, अंमल असतानाची आणि उतरल्यानंतरची चाल यांची तुलना होऊ शकत नाही.

४. पाय कुठे अडकतात ते टिपा: उंबरठा, लिफ्टचं दार, पलंग आणि कपाटामधली चिंचोळी जागा, की रस्ता ओलांडायची घाई. शेजारी गोळीची वेळ हवीच. डोस बदलायचा की नाही हे ठरवताना डॉक्टरांना या रकान्याचा मोठा उपयोग होतो. मनानं मात्र गोळी मागेपुढे करू नका.

५. मोबाइलवरच्या पावलांवर फार विसंबू नका. घासत टाकलेली आखूड पावलं त्याच्या हिशेबात बऱ्याचदा येत नाहीत, आणि फोन टेबलावर असेल तर काहीच येत नाही. खिशात फोन ठेवून तोंडानं शंभर पावलं मोजा आणि पडद्यावर किती भरली ते पाहा. फरक मोठा असेल तर सरळ कॅलेंडरवरच भिस्त ठेवा.

आणि हो, लपून मोजू नका. पाळत ठेवल्यासारखं वाटलं की माणूस बाहेर पडणंच टाळतो. जमेल तोवर त्यांनाच लिहू द्या. अक्षर बारीक होत गेलं तर तेही डॉक्टरांना दाखवा. जुलैचे गुण मे महिन्यापेक्षा घसरलेले दिसले तर आधी पाऊस आणि गल्लीतले खड्डे आठवा. शेरा म्हणून तेही लिहून ठेवा.