आबा प्रूफ वाचायला बसण्याआधी

पारोळ्याला तहसील कचेरीजवळ टायपिंगचं दुकान चालवतो. वाटणीपत्र टाइप व्हायला तासभर पुरतो, पण ते स्क्रीनवर वाचून घ्यायला सगळं घर येतं. आबा, दोन-तीन मुलं, कधी जावईही, आणि समोर मॉनिटर एकच. म्हणून ते यायच्या आधीच स्क्रीन लावून ठेवतो.

पहिलं काम खिडकीचं. मे महिन्यात दुपारचं ऊन काचेवर पडलं, की झूम कितीही वाढवा, आबांना स्क्रीनवर स्वतःचाच फेटा दिसतो. पडदा ओढायचा, ब्राइटनेस वाढवायचा. लाईट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर येऊन आपोआप मंद होतो, तेही तपासून ठेवायचं.

मग वर्डमध्ये फाइल उघडायची. मेलवरून आलेली असेल आणि पुस्तकासारखी वाचायच्या मोडमध्ये उघडली, तर एस्केप दाबून प्रिंट लेआउटमध्ये यायचं. वेब लेआउट किंवा ड्राफ्टमध्ये वाचून घेऊ नका. तिथे खरं पान दिसतच नाही आणि सह्या कुठे येणार यावरून वाद सुरू होतो. लेआउटच्या टॅबवर कागद लीगल आहे की ए-फोर, हे आत्ताच बघायचं. लीगल साडेआठ बाय चौदा इंच, ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर. कागद नंतर बदलला, की सगळ्या ओळी सरकतात आणि झालेलं वाचन वाया जातं.

आता झूम. खाली उजव्या कोपऱ्यातली पट्टी १० टक्क्यांपासून ५०० पर्यंत जाते. कंट्रोल धरून माउसचं चाक फिरवलं तरी तेच होतं. पण वाचनासाठी मी व्ह्यूमधल्या झूमच्या खिडकीत जाऊन टेक्स्ट विड्थ निवडतो. त्यात दोन्हीकडचा कोरा समास बाहेर जातो आणि अक्षर जागेपुरतं मोठं होतं. पेज विड्थमध्ये समासही दिसतो, म्हणून अक्षर थोडं लहान राहतं. झूमची बटणं दबतच नसतील, तर पेज मूव्हमेंट साइड टू साइडवर अडकलेली असते. ती व्हर्टिकल करायची. वर्डऐवजी लिब्रेऑफिस वापरत असाल, तर त्याच्या झूमच्या खिडकीत फिट विड्थ मिळतं.

इथे थांबून दोन आकडे डोळे ताणून बघा. देवनागरीतला १ आणि ९ लहान झूमवर सारखेच भासतात. गट नंबर १९१ चा १११ झाला, ८९ आरचं क्षेत्र ८१ झालं, तर भाऊबंदकीला आयतं निमित्त मिळतं. घ-ध, भ-म, वेलांटीवरचा अनुस्वार यांचंही तसंच. म्हणून चतुःसीमा आणि क्षेत्राच्या ओळी मी १८० वर नेऊनच वाचून दाखवतो. कोकिला फॉन्ट मुळातच बारीक दिसतो. मंगलच्या १४ आणि कोकिलाच्या १४ मध्ये बराच फरक आहे.

आता माझी चूक सांगतो. एक आबा म्हणाले, "भाऊ, माले हाई बारीक दिखस." मी घाईत झूम सोडून सगळा मजकूर सिलेक्ट केला आणि फॉन्टच १४ चा १८ केला. वाचून झालं, चहा झाला, फॉन्ट परत आणायचं राहून गेलं. पाचशेच्या स्टँपवर छापलं, तर पहिल्या पानावर बसायचा मजकूर अर्ध्यातच तुटला. स्टँप वाया गेला, भरपाई माझ्या खिशातून. तेव्हापासून वाचनाआधी फॉन्टचा आकडा पेन्सिलीने टेबलावर लिहून ठेवतो. झूममुळे कागदावर काही बदलत नाही, फॉन्टमुळे सगळं बदलतं.

मेनूचीच अक्षरं बारीक दिसत असतील, तर तो झूमचा प्रश्न नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के करायचं. कंट्रोल-एफवन दाबून वरची बटणांची पट्टी, म्हणजे रिबन, मिटवली, की वाचायला दोन-चार ओळी वाढतात.

दोन पानांच्या मध्ये चुकून डबल क्लिक झालं, तर वरखालची कोरी जागा मिटते आणि हेडर-फूटरही दिसेनासे होतात. मग धाकटा विचारतो, "पान नंबर कुठे गेला?" त्याच रेघेवर परत डबल क्लिक करायचं, नंबर जागेवर येतो.

वाचन संपलं, की मल्टिपल पेजेसवर जाऊन सगळी पानं शेजारी-शेजारी बघायची. अक्षर वाचता येत नाही, पण साक्षीदारांच्या सह्या शेवटच्या पानावर एकट्याच पडल्या आहेत का, ते एका नजरेत कळतं. पहिल्या पानावरचं नाव आणि सहीखालचं नाव जुळवायला स्प्लिट वापरायचं. दोन्ही ठिकाणं वर-खाली एकदम दिसतात.

उद्या हीच फाइल याच झूमवर उघडावी असं वाटत असेल, तर एक स्पेस देऊन खोडायची आणि सेव्ह करायचं. नुसत्या झूमला वर्ड बदल मानत नाही.

स्टँप मशीनमध्ये घालण्याआधी साध्या कागदावर एक प्रत काढायची, ती स्टँपवर ठेवून उजेडात धरायची आणि वरची जागा पुरते का बघायची. आबांचा चष्मा घरी राहिला असेल, तर तो आणायला पोराला याच वेळात पाठवायचं.