पावसाळ्यात कपड्यांचा ड्रायर कसा वापरायचा आणि वर्षभर कसा सांभाळायचा

आपल्याकडे ड्रायर म्हटलं की निम्म्या लोकांना सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा तो दुसरा छोटा टब आठवतो. तो कपडे पिळतो, वाळवत नाही. मी लिहितेय ते गरम हवेने कपडे पूर्ण वाळवणाऱ्या मशीनबद्दल, ज्यातून कपडा काढला की घडी घालून थेट कपाटात ठेवता येतो.

आमच्याकडे तो आला डोंबिवलीत, ऐन जुलैत, घरात बाळ होतं तेव्हा. दिवसाला वीसेक लंगोट, त्यात दुपटी, झबली, घरभर दोऱ्या बांधलेल्या, पंखा चोवीस तास चालू, तरी तिसऱ्या दिवशी दुपट्याला तो कुबट वास यायचाच. त्यामुळे ड्रायर म्हणजे चोचले असं कुणी म्हणालं की मला पटत नाही, ज्या घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणावर असलेलं माणूस आहे तिथे पावसाळ्यात हे मशीन खूप मोठा आधार आहे. फक्त ते नीट वापरायला हवं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. ड्रायर हवा तापवतो, ती कपड्यांतून फिरवतो आणि ओलावा कपड्याबाहेर काढतो. या हवेची वाट कुठेही अडली की वेळ वाढतो, बिल वाढतं आणि आत नको तेवढी उष्णता साठते. पुढे जे काही सांगतेय ते सगळं ही वाट मोकळी ठेवण्यासाठीच.

१. कुठला घ्यायचा

व्हेंटेड म्हणजे दमट हवा पाइपने बाहेर सोडणारा, स्वस्त पडतो पण खिडकी किंवा ड्राय बाल्कनी हवी. कंडेन्सर ओलाव्याचं पाणी करून टाकीत जमवतो, पाइप नको. हीट पंपवाला पण तसाच, फक्त कमी तापमानात वाळवतो, वीज बरीच कमी खातो, वेळ जास्त घेतो, आणि किंमत ऐकून आधी नकोच वाटतो, पण रोज वापरणार असाल तर विचार कराच. वॉशर-ड्रायर एकत्र असलेलं मशीन घेताना एक बघा, धुण्याची क्षमता ८ किलो लिहिली असेल तरी वाळवण्याची त्याहून कमी असते, म्हणजे भरून धुतलेले कपडे दोनदा वाळवावे लागतात. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारून घ्या.

२. पॉइंट आणि जागा

हीटरवाला, म्हणजे व्हेंटेड किंवा साधा कंडेन्सर ड्रायर २,००० वॉटच्या आसपास किंवा वर घेतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट पाहिजे, अर्थिंगसकट, शक्यतो स्वतंत्र लाइनवर. एक्स्टेन्शन बोर्ड नको म्हणजे नकोच, वायर गरम होते. गिझर आणि ड्रायर एकाच लाइनवर एकदम लावले तर एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा स्विच, पडणार हे धरून चाला. आणि घरात गॅस गिझर असेल तर त्याच बंद खोलीत व्हेंटेड ड्रायर अजिबात ठेवू नका, ड्रायर खोलीतली हवा बाहेर ओढतो आणि गिझरचा विषारी धूर बाहेर जायच्या ऐवजी आत खेचला जाऊ शकतो. हा जिवाचा प्रश्न आहे.

व्हेंटेडचा पाइप ॲल्युमिनियमचा घ्या, प्लॅस्टिकचा नको, जेवढा आखूड आणि सरळ तेवढा चांगला. आमचं मशीन बसवायला आलेल्या माणसाने ते भिंतीला इतकं खेटून ठेवलं की मागचा पाइप चपटा झाला, आणि आम्ही महिनाभर एका घाण्याला अडीच तास लावत बसलो, वाटायचं मशीनच खराब निघालं. चार बोटं पुढे ओढलं तर सव्वा तासात टॉवेल कोरडे! पाइपच्या बाहेरच्या तोंडाला जाळी लावायचा मोह होतो, कबुतरं शिरतात म्हणून, पण जाळीत कापूस अडकून वाट बंद होते. हवेने उघडणारी आणि एरवी आपोआप मिटणारी झडप मिळते, ती लावा.

३. घाणा लावताना

वॉशिंग मशीनमध्ये स्पिन जेवढा त्या कपड्याला झेपेल तेवढा जास्त ठेवा. एक लिटर पाण्याची वाफ करायलाच ०.६ युनिटच्या वर वीज जाते, तेच पाणी स्पिनने काढायला त्यामानाने काहीच लागत नाही. म्हणजे बिल वाचवायची जागा ड्रायरमध्ये नाहीच, त्याच्या आधी आहे. मग कपडे झटकून, पीळ सोडवून टाका, चादरीच्या पोटात गुंडाळलेला मोजा ओलाच राहतो. ड्रम अर्धा ते पाऊण भरा, दाबून भरू नका. जीन्स, टॉवेल एका घाण्यात आणि सुती झबली, कुर्ते दुसऱ्या. खिसे तपासा, पेन आणि लिपस्टिक गरम झाले की अख्खा घाणा रंगतो. सिल्क, लोकर, रबर किंवा फोम असलेलं काही आत नको, पैठणी तर कुणी टाकणार नाहीच पण जरीकाठाचा साधा ब्लाउजही टाकू नका.

४. तेलाचे कपडे, हे नीट वाचा

आपल्या घरांत तेल फार. बाळाची मालिश, दिवाळीचं अभ्यंग, डोक्याला तेल लावून झोपलेल्यांचे उशीचे अभ्रे, स्वयंपाकघरातली फडकी. धुतल्यावरही तेल पूर्ण जात नाही, आणि गरम होऊन ढिगाने पडलेल्या कपड्यात हे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावत आपोआप तापत जातं, कधी कधी काडी न लावता पेट घेण्याइतकं. जवसाचं तेल यात सगळ्यात वाईट, पण करडई, सूर्यफूल, तीळ यांच्यापासूनही सावध राहायला हवं. आमच्याकडे मालिशचं दुपटं वेगळं ठेवलेलं आहे, ते गरम पाण्यात साबण लावून दोनदा धुतो आणि नाकाला लावून बघतो, तेलाचा वास आला तर ते पंख्याखाली, ड्रायरमध्ये नाही. शेवटी जी दहा मिनिटं नुसती गार हवा फिरते ती मध्येच बंद करू नका, आणि गरम कपड्यांचा गोळा टोपलीत तसाच कोंबून ठेवू नका.

५. लिंट फिल्टर, प्रत्येक वेळी

लिंट म्हणजे कपड्यांतून सुटणारा बारीक कापूस. दाराशी किंवा वरच्या बाजूला जाळीचा फिल्टर असतो, तो प्रत्येक घाण्यानंतर बाहेर काढा, एका कोपऱ्यातून बोटाने गुंडाळत आणलं की करड्या रंगाचा मऊ थर पापडासारखा अख्खा सुटून येतो. नव्या टॉवेलांच्या वेळी थर इतका जाड येतो की विश्वास बसत नाही. हा कापूस झटकन पेटतो. अमेरिकेच्या फायर ॲडमिनिस्ट्रेशनने २००८ ते २०१० चा हिशोब मांडला होता, तिथल्या घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला साधारण २,९०० आगी, आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण काय, तर मशीन साफ न ठेवणं.

महिन्यातून एकदा फिल्टर नळाखाली धरा. पाणी सरळ खाली गेलं तर ठीक, जाळीवर साचून राहिलं तर फॅब्रिक सॉफ्टनरचा चिकट थर बसलाय, डोळ्यांना जाळी स्वच्छ दिसली तरी. कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण, जुना टूथब्रश, हलक्या हाताने घासा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

६. बाकीची साफसफाई

कंडेन्सर किंवा हीट पंप असेल तर पाण्याची टाकी दर घाण्याला रिकामी करा. आतला कंडेन्सर, म्हणजे ओलाव्याचं पाणी करणारा भाग, बाहेर निघणारा असेल तर महिन्याने काढून नळाखाली धुवा, निघत नसेल तर मऊ ब्रशने, पत्र्याच्या पातळ पट्ट्या वाकू देऊ नका. ड्रममध्ये धातूच्या दोन पट्ट्या असतात, तो ओलावा ओळखणारा सेन्सर, त्यावर थर बसला की मशीन कपडे ओले असतानाच थांबतं किंवा कोरडे झाले तरी चालूच राहतं. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापडाने पुसा, दोन मिनिटांचं काम.

वर्षातून एकदा, मे महिन्यात, प्लग काढून मशीन पुढे ओढा, मागचा पाइप सोडवा आणि आतला कापूस लांब ब्रशने काढा. वेळ नेहमीपेक्षा वाढत चालला, मशीन बाहेरून फार तापलं किंवा जळका वास आला तर मे महिन्याची वाट बघू नका, लगेच बंद करा, आणि आतलं काम असेल तर जाणकार मेकॅनिकलाच बोलवा.

ड्रायर लावून बाहेर जाऊ नका, झोपू तर नकाच. ऑक्टोबरनंतर ऊन आलं की कपडे परत दोरीवर, तेव्हा टाकी रिकामी करून ड्रम कोरड्या फडक्याने पुसा आणि प्लग काढून ठेवा. वास येऊ नये म्हणून दार किलकिलं ठेवतात, पण घरात रांगतं-चालतं मूल असेल तर दार घट्ट लावूनच ठेवा, मुलं लपायला आत शिरतात.