फाईल समोर होती, कर्नल म्हणत होता नाही

लिनक्स कर्नल बिल्ड करता येतो, क्यूएमू (आभासी संगणक चालवणारं साधन) चालवता येतं, हे धरून चालते. कर्नलमधला बदल तपासायला अख्खा डिस्ट्रो लागत नाही. बिझीबॉक्स (नेहमीच्या कमांड एकाच छोट्या फाईलमध्ये) आणि एक /इनिट (कर्नल सगळ्यात आधी चालवतो तो प्रोग्रॅम) असलेलं छोटंसं इनिटरॅमएफएस, म्हणजे कर्नल सुरू होताना मेमरीत उलगडतो ती फाईलसिस्टम, पुरतं. पूर्ण डिस्ट्रोवर तपासायला गेलात तर सिस्टमडी, युडेव्ह आणि ढीगभर सेवा मधे येतात, आणि काही बिघडलं की दोष आपल्या पॅचचा की त्यांचा, हे शोधण्यातच दिवस जातो.

आता माझे दोन दिवस जिथे गेले ती जागा सांगते.

सी मध्ये दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, कंपाईल केला, /इनिट म्हणून ठेवला. कर्नल उठला आणि म्हणाला, ‘फेल्ड टू एक्झिक्यूट /इनिट (एरर -२)’. मग ‘नो वर्किंग इनिट फाउंड’ आणि पॅनिक, म्हणजे कर्नल हात टेकून थांबला. उणे दोन म्हणजे ईएनओईएनटी, फाईल सापडली नाही. पण फाईल होती! आर्काइव्ह उलगडून पाहिलं, नाव बरोबर, परवानगी ७५५. सीपीआयओ (इनिटरॅमएफएसचं आर्काइव्ह) पुन्हा बांधलं, कॉन्फिग बदलला, कर्नल दोनदा पहिल्यापासून बिल्ड केला. तेच.

झालं होतं असं. कर्नल तुमची फाईल उघडतो, ईएलएफ (लिनक्समधल्या प्रोग्रॅम फाईलचा साचा) हेडर वाचतो. प्रोग्रॅम डायनॅमिक लिंक केलेला, म्हणजे लायब्ररी चालताना बाहेरून घेणारा असेल तर आत आणखी एका फाईलचा पत्ता असतो, डायनॅमिक लोडरचा. एक्स८६-६४ वर ग्लिबसी (नेहमीची सी लायब्ररी) असेल तर /लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२. कर्नल ती उघडायला जातो आणि ती तुमच्या रिकाम्या रूटमध्ये नसते. उणे दोन तिच्यामुळे येतं, मेसेजमध्ये नाव मात्र /इनिटचं छापलं जातं.

आणि खूण त्या मेसेजमध्येच होती. /इनिट खरोखरच नसतं तर कर्नल ते चालवायच्या फंदात पडत नाही. तो सरळ डिस्कवरचं रूट शोधायला जातो आणि ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ म्हणून पॅनिक होतो. म्हणजे ‘फेल्ड टू एक्झिक्यूट’च्या पुढे उणे दोन दिसलं तर फाईल आहे, तिला लागणारं काहीतरी नाही. हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

उपाय: -स्टॅटिक देऊन लिंक करा, म्हणजे लायब्ररी त्याच फाईलमध्ये येते; बिझीबॉक्सही स्टॅटिक बिल्ड करा. मग रीडएल्फ -एल चालवून ‘इंटरप्रीटर’ची ओळ दिसत नाही ना, ते बघा. इनिट शेल स्क्रिप्ट असेल तरी हाच सापळा आहे: पहिल्या ओळीतलं /बिन/एसएच डायनॅमिक असलं तरी उणे दोन, आणि ओळीच्या शेवटी विंडोजचं सीआर (कॅरेज रिटर्न हे न दिसणारं चिन्ह) राहिलं तरी उणे दोन, कारण कर्नल ते सीआर नावाचाच भाग समजतो. उणे तेरा आलं तर परवानगी बघा. उणे आठ आलं तर फाईल चुकीच्या आर्किटेक्चरची आहे, नाहीतर स्क्रिप्टची #! ची ओळ राहिली आहे.

त्या दोन दिवसांत एका वरिष्ठांनी त्यांची तयार इमेज दिली, म्हणाले, ‘ही वापर, चालते.’ चाललीही, आणि मला काहीच कळलं नाही. दुसऱ्या एकांनी एवढंच विचारलं, ‘तुझी फाईल आणखी कोणती फाईल मागते?’ त्या एका प्रश्नावर सगळं सुटलं. मार्गदर्शक निवडायची संधी मिळाली तर असा निवडा. कर्नल क्यूएमूमध्ये झटपट चालवून देणारं वर्टमी-एनजी उत्तम आहे, मी रोज वापरते. पण एक इनिटरॅमएफएस हाताने बांधल्याशिवाय त्याला हात लावू नका, हे माझं ठाम मत आहे.

अडकलात तर आपल्याला हे जमणार नाही असं मनात आणू नका. सुरुवातीचे बहुतेक पॅनिक तुमच्या कोडचे नसतातच. सीपीआयओ बाहेरच्या डिरेक्टरीतून बांधलं, आर्काइव्हचा प्रकार सांगणारं -एच न्यूसी राहिलं, मेसेज सिरियलवर पाठवणारं कन्सोल=टीटीवायएस० दिलं नाही म्हणून पडदा कोरा राहिला, असलंच काहीतरी असतं. चाचणी संपल्यावर इनिट परत आलं तर ‘अटेम्प्टेड टू किल इनिट’ येणारच; पहिली प्रोसेस मरून चालत नाही. शेवटी पॉवरऑफ -एफ घाला.

एका बाबतीत मात्र अजिबात ढिलाई नको. कर्नलला पॅनिक=-१ आणि क्यूएमूला -नो-रीबूट दिलं की पॅनिक झाल्यावर क्यूएमू मुकाट्याने बंद होतं आणि एक्झिट कोड शून्य देतं. तो शून्य गिट बायसेक्ट रनला (चाचणी चालवत दोषी कमिट शोधणाऱ्या कमांडला) दिलात तर मोडलेले कमिट ‘गुड’ ठरतील आणि भलताच कमिट दोषी निघेल. सगळ्या चाचण्या पार पडल्यावर इनिटने सिरियलवर एक ठरावीक ओळ छापावी, आणि स्क्रिप्टने लॉगमध्ये तीच शोधावी. ओळ नाही म्हणजे नापास, टाइमआउट झाला तरी नापास. बिल्डच मोडला असेल तर १२५ परत करा, म्हणजे बायसेक्ट तो कमिट वगळून पुढे जातो.