जुन्या काळ्या सायकलची नवी सायकल कशी करावी

दूधवाल्याची, पोस्टमनची, आजोबांची ती काळी उंच सायकल आजही कित्येक वाड्यांच्या जिन्याखाली उभी आहे. सोनीपतची अॅटलस, लुधियानाची हीरो, मद्रासची हर्क्युलस, कुठलीही असो, बांधणी साधारण एकच: लोखंडी नळ्या, पितळी ब्रेझिंगचे (पितळ वितळवून जोडलेले) सांधे, 28 इंची चाकं आणि सळ्यांचे ब्रेक. या फ्रेमवर रोज चालवता येईल अशी हलकी सायकल उभी करता येते. त्यासाठी फ्रेमची कापाकापी जवळजवळ करावीच लागत नाही. खरं काम आणि खरे पैसे चाकांत आणि ब्रेकमध्ये जातात.

आधी फ्रेम पारखा. पुढच्या चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुपायी भागाच्या) मागे, जिथे वरची आणि खालची नळी डोक्याच्या नळीला मिळते, तिथे खालच्या बाजूने बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला, तर ती सायकल कधीतरी समोरून धडकलेली आहे. ती सोडून द्या. पायडलच्या धुरीखालची नळी उलटी करून बघा, पाणी तिथेच साचतं आणि गंज आतून खातो. सीटची दांडी हलते का तेही बघा. मग सुतळीची परीक्षा: मागच्या चाकाची धुरी बसते त्या एका खाचेपासून सुतळी ताणून डोक्याच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत आणायची. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचं अंतर मोजायचं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो, बोटभर फरक चालत नाही.

एक मात्र सांगून ठेवतो. हाताशी आलेली फ्रेम स्वातंत्र्याआधीची विलायती रॅले किंवा बीएसए असेल आणि मूळ सामान शाबूत असेल, तर तिला हात लावू नका. पुण्यात विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात अशा सायकली मूळ रूपात बघायला मिळतात. ते बघून आलं की पाना उचलायचा धीर होत नाही. भंगारात पडलेली, अर्धं सामान गेलेली 22 किंवा 24 इंची देशी फ्रेम आपल्या कामाची. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून वरच्या नळीवर उभं राहता आलं पाहिजे, एवढं माप पुरे.

आता सुटं करणं. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, हे ठाऊक नसल्यामुळे पाने मोडतात. सगळ्यात चिवट वस्तू म्हणजे क्रँकमधली (पायडलच्या दांड्यातली) कॉटर पिन, म्हणजे क्रँकला धुरीवर घट्ट धरणारी पाचर. आदल्या रात्री तिच्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट पूर्ण काढू नका, पिनेच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच सैल करा, म्हणजे आटे चेपणार नाहीत. क्रँकखाली जाड लोखंडी पाइप जमिनीवर उभा टेकवा, पिनेचं डोकं पाइपच्या पोकळीत येईल असा. मग जड हातोड्याचा एकच नेटका घाव. हलक्या हाताने वीस वेळा ठोकलं तर पिन वाकते आणि खालचे छर्रे वाटीत खड्डे पाडतात, ते वेगळंच. वाकलीच तर ड्रिल करून काढावी लागते. जुनी पिन नमुना म्हणून दुकानात न्या, जाडी वेगवेगळी मिळते. उजवीकडची धुरीची वाटी चांगली असेल तर जागेवरच राहू द्या, तिचे आटे बहुधा उलटे असतात.

सामान घ्यायच्या आधी मापं घ्या. मागच्या खाचांमधलं अंतर जुन्या फ्रेममध्ये साधारण 110 मिलिमीटर असतं, आजच्या सिंगल स्पीड हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) 120 लागतं. लोखंडी फ्रेम इतकी उघडता येते (अॅल्युमिनियमची कधीच नाही). पूर्ण आटे पाडलेला रॉड दोन खाचांमध्ये घाला आणि आतून दोन नट बाहेर फिरवत थोडं थोडं ताणा. लोखंड मागे येतं, म्हणून हव्या मापापेक्षा जास्त उघडावं लागतं. दर वेळी नट सैल करून सुतळी लावून बघा, नाहीतर एकच बाजू उघडते.

चाकांचे दोन रस्ते. 28 इंची रिमचा व्यास टायर बसतो तिथे 635 मिलिमीटर, 700सीचा (आजच्या रस्त्यावरच्या सायकलींच्या मापाचा) 622. 28 इंची ठेवलं तर टायर-ट्यूब तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतं. पण पावसात ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक कसा घसरतो, हे ज्याने अनुभवलंय तो 700सीची अॅल्युमिनियम रिमच घेईल. मी तेच सुचवेन. जुन्या हबला पुढे 32 आणि मागे 40 स्पोक असतात, 40 भोकांची हलकी रिम शोधत बसण्यापेक्षा दोन्हीकडे 36 भोकांचे नवे हब घ्या. पुढचा चिमटाही अरुंद असतो, तोही त्याच पद्धतीने 100 मिलिमीटरपर्यंत उघडावा लागेल. चाक भरणं (स्पोक बसवणं) आणि आऊट काढणं (चाकाचा वाकडेपणा घालवणं) जुन्या मिस्त्रीकडून करून घ्या, तिथे पैसे वाचवू नयेत.

सळ्यांचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला दाबतात, त्यामुळे नव्या रिमवर ते निरुपयोगी. पुढे कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा ब्रेक) हवा, आणि त्यासाठी चिमट्याच्या माथ्यावर बोल्टचं भोक. जुन्या चिमट्याला ते नसेल तर स्वतः पाडू नका. डोक्याच्या नळीत जाणाऱ्या दांड्याचं माप आणि आटे जुळणारा, भोक असलेला दुसरा चिमटा शोधा. जुन्या बाजारात तासभर घालवला की बहुधा मिळतो. भोकापासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर मोजूनच कॅलिपर घ्या, छोटा घेतला तर रबर टायरवर घासतं. मागे कोस्टर ब्रेकचा हब सुटसुटीत: पायडल मागे दाबलं की ब्रेक, ना वायर ना भोक. त्याची पट्टी डाव्या नळीला क्लिपने घट्ट बांधायला विसरायचं नाही. पण नुसत्या कोस्टरवर रस्त्यावर उतरू नका. थांबवायचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो.

चेनच्या चक्रांचे दात बदलले की सायकलचा स्वभावच बदलतो. पुढे 48 आणि मागे 18 दात असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात 28 इंची सायकल जवळजवळ 6 मीटर जाते. सपाटीला झकास, कात्रजच्या चढाला छातीत धाप. मागे 22 दात आणि 700सीचं 35 मिलिमीटर रुंद टायर घेतलं की हेच अंतर पावणेपाच मीटरवर येतं. मागचे दात वाढवल्यावर चेनला एखादी कडी जास्त लागेल. चेन मधोमध बोटाने दाबून साधारण सेंटिमीटरभर हलली पाहिजे. कोस्टरला तर ती ढिली चालतच नाही.

वेल्डिंगचा मोह टाळा. पातळ नळीवर आर्क वेल्डिंग केलं की भोक पडतं किंवा शेजारचा सांधा कमजोर होतो. काही जोडायचंच असेल तर गॅसवर पितळी ब्रेझिंग करणारा गाठा. मडगार्डच्या कड्या मात्र कापू नका. स्टाइल म्हणून कापणारे जुलैत पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन फिरतात.

रंग सगळ्यात शेवटी, एकदा पूर्ण सायकल जोडून, चालवून, पुन्हा सोडल्यावर. पावडर कोटिंग टिकाऊ, पण भट्टीत 180 ते 200 अंश तापतं, त्यामुळे खड्डे लांबीने (पुट्टीने) भरलेले असतील तर ते उकलतात. धुरीचे आणि चिमट्याचे आटे झाकायला सांगा. डोक्यावरचा पितळी बिल्ला आधी काढून घ्या, दुकानात तो हमखास हरवतो.

जोडताना सगळ्या वाट्यांना नवे छर्रे आणि ग्रीस. दोन्ही कॉटर एकमेकींच्या उलट दिशेने बसवा, नाहीतर पायडल एका रेषेत येत नाहीत. हँडलची दांडी नळीत किमान खुणेपर्यंत आत हवी. पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, आणि आधी ब्रेक तपासून. आठवडाभर चालवल्यावर कॉटरचे नट पुन्हा कसा आणि चाकाचा आऊट पुन्हा काढून घ्या. नवे स्पोक तोवर बसलेले असतात.