पाटीवरची तारीख आणि मादीची पाठ

सशाच्या पहिल्या दहा माद्या आणि दोन नर शेडमध्ये आले, त्या दिवशी माल देणाऱ्याने एक छापील कागदही हातात दिला. गर्भकाळ ३१ दिवस, व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा नर, वर्षाला ८ वेतं, वेताला ७ पिल्लं. मी कागद उलटा करून गुणाकार केला, ५६० हा आकडा आला आणि तो मी घरात सगळ्यांना दाखवूनही आलो.

त्या कागदावर खोटं फारसं काही नव्हतं, हीच खरी गोम. सशाचा गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचाच असतो. गाई-म्हशीसारखा ठरलेला माज सशाच्या मादीला नसतो. नर लागल्यानंतर दहा-बारा तासांनी तिचं बीज सुटतं, त्यामुळे व्यायल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा ती गाभण राहू शकते. राहते म्हणून ठेवायची का, हा प्रश्न मला पहिले सहा महिने पडलाच नाही.

सात नंबरच्या पिंजऱ्यात न्यूझीलंड व्हाइट जातीची मादी होती, आली तेव्हा ३ किलो ९०० ग्रॅम. पहिल्या वेताला ७ पिल्लं झाली, सगळी जगली. दुसऱ्या दिवशी नर दाखवला. दुसऱ्या वेताला ६. पुन्हा दुसऱ्या दिवशी नर. तिसऱ्या वेताच्या सकाळी पाहतो तर तीनच पिल्लं, त्यातली दोन व्यायच्या पेटीबाहेर जाळीवर गारठून मेलेली, आणि मादी अंगची लोकर उपटून पेटीत अंथरते, तिचा एक पुंजका नाही. मादीला उचललं तर कण्याचे मणके बोटांना टोचत होते. काट्यावर ३ किलो १०० भरली. खुराक तर मी रोज टाकत होतो, मग गेला कुठे?

दुधात गेला. सशीण दिवसातून एकदाच, तीन-चार मिनिटं पाजते. बघायला ते काहीच वाटत नाही, पण त्या एका पाजण्यावर पिल्लाचं वजन पहिल्या आठवड्यातच दुप्पट होतं. दूध वाढत वाढत तिसऱ्या आठवड्यात सगळ्यात जास्त येतं. पोटातली पिल्लं भरतात ती शेवटच्या दहा दिवसांत. दुसऱ्या दिवशी नर दाखवला तर चौथ्या आठवड्यात अंगावरची पिल्लं तोडायची, म्हणजे दुधावरून सोडवायची, आणि चार दिवसांत ती पुन्हा व्यायची. भाकड काळ म्हणून काही उरतच नाही. शेळी आपण अशी कधी राबवत नाही, सशाच्या बाबतीतच आपल्याला घाई होते.

आता माझा हिशेब असा. पिल्लं पाचव्या आठवड्याच्या शेवटी तोडतो, पुढचा आठवडा मादी मोकळी ठेवतो, आणि मग नराकडे नेतो. म्हणजे व्यायल्यापासून ४२ दिवस आणि ३१ दिवस गाभणकाळ, मिळून ७३. वर्षाला पाच वेतं झाली, त्यात उन्हाळा वजा केला की चार. फ्रान्स-इटलीकडच्या मोठ्या फार्मवर व्यायल्यानंतर अकराव्या दिवशी मादी भरवतात, म्हणजे गाभण करवतात, आणि दर ४२ दिवसांनी वेत घेतात, हे खरं आहे. पण तिथे कृत्रिम रेतन, मोजून केलेला गोळीखुराक आणि थंड राखलेली शेड असते. माझ्याकडे लसूणघास, मक्याचा भरडा आणि पत्र्यावर ओलं गोणपाट आहे.

पिंजऱ्यावरच्या पाटीवर लिहिलेली भरवायची तारीख आली तरी मी आधी मादी काट्यावर घेतो. गेल्या वेळी भरवली त्या दिवशीचं वजन पाटीवर असतंच. ते भरून आलं नसेल तर आणखी आठ दिवस थांबतो. पाठीवरून हात फिरवायची सवय लावून घ्या. मणके जाणवावेत, टोचू नयेत.

उलटी चूकही मी करून बसलोय. सात नंबरचा धडा इतका मनावर घेतला की दोन माद्यांना तीन महिने भरपूर खुराकावर नुसतं बसवून ठेवलं. दोघी गलेलठ्ठ झाल्या, नर दाखवला की कोपऱ्यात शेपटी दाबून बसायच्या. विसावा दुधापासून द्यायचा असतो. पिल्लं तोडली आणि अंग भरलं, की खुराक कमी करून हिरवा चारा-वाळलं गवत चालू ठेवायचं.

भरवताना मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची. नर तिच्या पिंजऱ्यात सोडला तर ती भांडते, चावतेसुद्धा. आधी शेपटी उचलून बघा. जागा फिक्की असेल तर ती बहुतेक नकार देते, लालसर आणि सुजलेली असेल तर पाच मिनिटांत काम होतं. नर एका कुशीवर धपकन कोलमडला म्हणजे लागला. एकाच दिवशी दोन-तीन माद्या भरवा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एकदमच व्यायल्या की एकीची जास्तीची पिल्लं पहिल्या दोन-तीन दिवसांत दुसरीखाली घालता येतात, आणि कुणा एकीवर नऊ-दहांचा भार पडत नाही.

चौदाव्या दिवशी पोट चाचपायचं. गाभण असेल तर गोट्यांसारखे मऊ गोळे बोटांखालून सरकतात. मला सुरुवातीला लेंड्याच पिल्लं वाटायच्या. त्या कण्याच्या जवळ, बारीक आणि टणक लागतात. गाभण नसूनही काही माद्या सोळा-सतराव्या दिवशी लोकर उपटायला लागतात. तो खोटा गाभ, फसू नका. त्यानंतर त्या सहसा लवकर लागतात. खरी गाभण असेल तर अठ्ठाविसाव्या दिवशी पेटी आत ठेवायची.

पहिलटकरणीची घाई तर नकोच. मध्यम जातीची मादी साडेपाच-सहा महिन्यांची झाल्याशिवाय आणि पूर्ण वजनाच्या पाऊण हिश्शाच्या पुढे गेल्याशिवाय मी भरवत नाही.

राहिला उन्हाळा. आमच्या सोलापूरकडे मार्चपासूनच पत्रा तापतो. पारा तिशीच्या वर राहायला लागला की नराचं बीज कमजोर पडतं आणि गारवा आल्यावरही सुधारायला सहा ते आठ आठवडे लागतात. दोन वर्षं मी मृगाचा पाऊस पडला की लगेच माद्या भरवायचो, त्या रिकाम्याच राहायच्या, आणि दोष मी माद्यांना द्यायचो. आता मार्चच्या मध्यानंतर भरवणं बंद. नर शेडच्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, कडुलिंबाच्या सावलीकडे. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा नर दाखवतो. सात नंबरने त्या तिसऱ्या वेतानंतर चार महिने काहीच धरलं नाही. गेल्या हिवाळ्यात तिला पुन्हा ६ पिल्लं झाली आणि पेटी काठापर्यंत लोकरीने भरलेली होती.