डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये जादूगाराचा सोबती कसा बोलवावा आणि कसा टिकवावा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे एकेक पात्र घेऊन, फासे टाकत मिळून गोष्ट रंगवायचा खेळ. सांगलीत आमचा डाव रविवारी दुपारी बसतो. मध्ये भडंगाचं पातेलं, भोवती पाचजण. नव्या खेळाडूनं जादूगार घेतला की त्याला पहिल्याच दिवशी हवा असतो फॅमिलिअर, म्हणजे प्राण्याच्या रूपात सोबत करणारा आत्मा. या खेळातली ही माझी सगळ्यात लाडकी गोष्ट, म्हणून नियम न वाचता ती वाया गेली की जीव हळहळतो. इथे २०१४ चे, पाचव्या आवृत्तीचे नियम धरले आहेत.

आधी सामान जमवा. 'फाइंड फॅमिलिअर' हा पहिल्या पातळीचा मंत्र. कोळसा, धूप आणि वनस्पती असा १० सोन्याच्या नाण्यांचा माल पितळी शेगडीत जळून जातो आणि पुढच्या वेळी पुन्हा आणावा लागतो. मंत्राला १ तास लागतो. जादूगार स्वतः पहिल्या लेव्हलचा असताना त्याच्याकडे स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या संधी, दोनच असतात, तेव्हा तो विधी म्हणून करा. १० मिनिटं जास्त जातात, पण स्लॉट शाबूत राहतो.

मग रूप निवडा. मांजर, बेडूक, कोळी, वटवाघूळ, बरंच काही आहे. नवख्यांना मी घुबड सुचवतो. अंधारात त्याला १२० फुटांपर्यंत दिसतं आणि शत्रूजवळून उडून जाताना त्याच्यावर फुकटचा वार होत नाही. हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजायचा आकडा, मात्र एकच.

आता अंतर. सोबत्याशी मनातल्या मनात बोलणं १०० फुटांपर्यंतच चालतं. आमचा नकाशा १ सेंटिमीटर चौकटीच्या आलेखवहीवर असतो आणि एक चौकट ५ फुटांची, म्हणजे मर्यादा २० सेंटिमीटर. तेवढा दोरा कापून त्याच्या टोकाला हळकुंडाचा तुकडा बांधलाय. तेच आमचं घुबड. दोरा ताणला की वाद मिटतो.

सोबत्याच्या डोळ्यांनी पाहायला जादूगाराची एक कृती जाते आणि त्याच्या पुढच्या पाळीपर्यंत तो स्वतः आंधळा-बहिरा होतो. हे विसरू नका. गेल्या पावसाळ्यात मी कृष्णेच्या घाटावरचा प्रसंग रचला होता. आमच्या जादूगारानं घुबड पलीकडच्या होड्यांवर सोडलं आणि स्वतः एकटाच शेवटच्या पायरीवर उभा राहिला. मागून आलेल्या गॉब्लिननं त्याला सरळ पाण्यात ढकललं. तेव्हापासून कुणीतरी त्याचा दंड धरून उभं राहतं.

सोबती हल्ला करू शकत नाही. पण शत्रूजवळ जाऊन मदतीची कृती करतो, मग मित्राला वार करताना दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. तुमचा स्पर्शाचा मंत्रही तो पोचवतो, १०० फुटांच्या आत असला तर.

आवाज आणि स्वभाव द्यायला कचरू नका. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभं केलं, तेव्हा पदं सूत्रधार गायचा आणि पात्रं आपली वाक्यं आयत्या वेळी बोलायची. डीएम, म्हणजे प्रसंग रचून खेळ चालवणारा डन्जन मास्टर, आणि खेळाडूंचं नातं मला तसंच वाटतं. आमच्या घुबडाचं नाव हळदी, आणि ती नदीवर रात्री फार कुरकुरते.

मेला तर सोबती देह न ठेवता नाहीसा होतो. पुन्हा मंत्र, पुन्हा १० नाणी. म्हणून आगीचा गोळा येणार असं वाटलं की आपल्या पाळीत एक कृती खर्चून त्याला त्याच्या छोट्या, वेगळ्या जगात पाठवून द्या. धोका टळला की दुसऱ्या कृतीनं तो ३० फुटांच्या आत हवा तिथं परत येतो.